लहान स्वार आणि टाचेचा काटा



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा तेरा वर्षांचा भाचा आमच्याकडे नृसिंहवाडीला आला होता. तो पुण्याला एका ठिकाणी घोड्यावर बसायला शिकतो. देवदर्शन झाले, घाटावर हुंदडून झाले, बासुंदी खाऊन झाली. संध्याकाळी त्याने पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक जोडी काढून माझ्यापुढे ठेवली. चकचकीत पोलादाच्या दोन कमानी आणि प्रत्येकीच्या मागे बोटाच्या पेराएवढा दांडा. बुटाच्या टाचेला बांधायचे हे काटे. इंग्रजीत त्यांना स्पर म्हणतात.

"मामा, माझं तट्टू फार आळशी आहे. टाच मारली तरी हलत नाही. हे लावले तर पळेल ना?"

त्याची आई म्हणाली, "दादा, तूच काय ते सांग. तू टांग्याच्या घोड्यांत वाढलास."

मी महाविद्यालयात शिकवणारा माणूस. प्रश्न आला की उत्तर द्यायची मला खोड आहे. पण त्या दिवशी मी "उद्या बोलू" म्हणालो. कारण या प्रश्नाचे एक उत्तर मी अकराव्या वर्षीच दिले होते आणि ते चुकीचे होते. तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

माझ्या लहानपणी वाडीला येणारे यात्रेकरू टांग्यातूनही येत. आमच्या आळीच्या टोकाला एका टांगेवाल्या चाचांचा तबेला होता. त्यांच्याकडे पाखऱ्या नावाचे एक तांबडे तट्टू होते. धंदा मंद असला की चाचा आम्हां पोरांना त्याच्यावर बसून नदीवर पाण्याला नेऊ देत. खोगीर नाही, रिकीब नाही, नुसते पोत्याचे पटकुर. पाखऱ्या आपल्या चालीने जाई आणि आपल्या चालीने परत येई. मला ते अपमानाचे वाटे. एके दिवशी मी चपलेच्या टाचेत आतून एक बारीक खिळा ठोकला. त्याचे टोक बाहेर जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढे दिसत होते.

पाखऱ्या पळाला. माझ्या आयुष्यात मी तेवढा वेग पूर्वी पाहिला नव्हता. पण तो पळू लागला तसा मी डगमगू लागलो. डगमगलो म्हणून पायांनी त्याचे पोट आवळले आणि आवळले म्हणून खिळा पुन्हा पुन्हा रुतत गेला. म्हणजे मी "थांब, थांब" म्हणून ओरडत होतो, लगाम ओढत होतो आणि त्याच वेळी माझी टाच त्याला "पळ, पळ" म्हणत होती. शेवटी तो उसात घुसला आणि मी बांधावर पडलो. माझे कोपर खरचटले. पाखऱ्याच्या दोन्ही कुशींवर मात्र रक्ताचे थेंब उभे राहिले होते.

चाचांनी जखमा धुतल्या, हळद-तेल लावले आणि माझी चप्पल हातात घेऊन ते तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मला मार अपेक्षित होता. ते एवढेच म्हणाले, "पोरा, तुजी टाच लई बोलती. घोड्यानं काय काय ऐकायचं?"

पुढे जखमा भरल्या. पाखऱ्या मला पाठीवर घेई, नदीवर नेई, आणीत असे. पण त्याने माझ्या हातचा गूळ पुन्हा कधी घेतला नाही. दुसऱ्या पोरांच्या हातचा घेई. माझा हात पुढे आला की कान मागे पाडून मान फिरवी.

आता भावना बाजूला ठेवून जरा विचार करू. घोड्याची कातडी जाड दिसते, पण तिच्यावर माशी बसली तरी नेमका तेवढाच भाग थरथरतो, हे तुम्ही कधी तरी पाहिले असेल. ज्या अंगाला माशीचे वजन कळते, त्याला आपल्या पोटरीचा दाब कळणार नाही काय? तो कळतोच. प्रश्न असतो तो त्या दाबाचा अर्थ कळण्याचा.

हा अर्थ घोडा कसा शिकतो? पोटरीने हलके दाबले, घोड्याने पाऊल उचलले आणि त्याच क्षणी दाब सुटला, तर घोडा मनाशी गाठ बांधतो की पाऊल उचलले म्हणजे त्रास थांबतो. त्याला शिकवते ते दाबाचे सुटणे. दाबाचा जोर नव्हे. पण पाऊल उचलूनही दाब चालूच राहिला, तर त्याच्या दृष्टीने उत्तर देणे आणि न देणे सारखेच ठरते. मग काही घोडे बिथरतात, मागच्या लाथा झाडतात, उधळतात. काही बिचारे ऐकणेच सोडून देतात. अशा घोड्याला आपण "मठ्ठ" म्हणतो. वस्तुतः तो मठ्ठ जन्मलेला नसतो. वर्षभर रोज नवे पोर पाठीवर बसून टाचा बडवीत राहिले म्हणजे शहाणे तट्टूही तसेच होते.

येथेच लहान स्वाराची अडचण आहे. मराठीत घोड्यावरच्या बैठकीला "मांड" म्हणतात. मांड पक्की होणे म्हणजे लगामाला न लोंबकळता आणि पायांनी न आवळता, केवळ तोलावर बसता येणे. ही गोष्ट महिन्या-दोन महिन्यांत येत नाही. घोडा दुडक्या चालीला लागला की शिकाऊ मुलाचा पाय प्रत्येक पावलागणिक हलतो, चवडा बाहेर वळतो आणि टाच कुशीवर आपटते. साधी टाच असेल तर ती नुसती कटकट होते. टाचेला काटा असेल तर प्रत्येक पावलाला एक टोचणी बसते. मुलाच्या मनात तसे काही नसते. पण घोड्याला आपले मन दिसत नाही, त्याला टाच तेवढी कळते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. जाणते स्वार म्हणतात, "सारखे लाथाडण्यापेक्षा एकदा हलकासा स्पर्श बरा. बोथट काटा ही शिक्षा नव्हे, तो नेमका इशारा आहे." हे खरे आहे. ज्याचा पाय कुशीशी स्थिर राहतो आणि जो हवा तेव्हाच, हवा तेवढाच घोटा वळवू शकतो, त्याच्या टाचेला तो काटा म्हणजे लेखनिकाच्या हातातला बारीक टाक. पण ज्याला अजून अक्षर गिरवता येत नाही, त्याच्या हाती टाक दिला तर कागद फाटतो. येथे कागद सजीव आहे, एवढे विसरू नये.

दुसरा आक्षेप माझ्या भाच्याचाच होता. तट्टू आळशी असेल तर काय करावे? मी त्याला उलट विचारले, आळशी कशावरून? त्याचा नाल सैल आहे काय, खोगिराखाली पाठ सोलली आहे काय, दातांना धार येऊन लगाम बोचतो आहे काय, हे कोणी पाहिले? सकाळपासून त्याच्यावर किती मुले बसली? त्याला पाणी कधी मिळाले? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तू टाच मारतोस तेव्हा हातांनी लगाम ओढून धरत नाहीस ना? पुढचे दार लावून घ्यायचे, मागून ढकलायचे आणि बाहेर जात नाही म्हणून रागवायचे, असा हा प्रकार असतो. यावर चिरंजीव गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन कुरुंदवाडला गेलो. आमच्या वाडीहून पंचगंगा ओलांडली की कुरुंदवाड. पटवर्धनांच्या संस्थानाच्या या गावाशी विष्णुपंत छत्रे यांचा निकटचा संबंध होता. विष्णुपंतांनी ग्वाल्हेरला राहून अश्वविद्या मिळविली आणि गाणेही. पुढे मुंबईत एका परदेशी सर्कशीचे खेळ पाहून त्यांनी आपली सर्कस उभी केली. 1880 साली तिचे खेळ झाले आणि हिंदुस्थानी सर्कशीची परंपरा तेथून सुरू झाली असे मानतात.

सर्कशीतले सारे शिक्षण मायेचेच असे, असे मी म्हणणार नाही. तेथे चाबूकही असे. पण सर्कशीच्या रिंगणात पाठीवर स्वार नसलेले घोडे हाताच्या खुणेवर वळतात, थांबतात, चाल बदलतात, हे ज्यांनी पाहिले त्यांना एक गोष्ट मान्य करावी लागेल. त्या घोड्याच्या कुशीला कोणाचीच टाच नसते. तरीही त्याला कळते. ज्या माणसाने एकाच गावी गाणे आणि घोडा दोन्ही अभ्यासले, त्याची गोष्ट मी भाच्याला मुद्दाम सांगितली. गाण्यात सूर लागला नाही तर तंबोऱ्याला मारून उपयोग नसतो. आपला कान तयार करावा लागतो. घोड्याच्या बाबतीत आपला पाय तयार करावा लागतो.

कायदाही या बाबतीत मुका नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्याविरुद्धचा आपला कायदा 1960 चा. त्याखाली 1965 साली ओढीच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी जे नियम झाले, त्यांत जनावर हाकताना किंवा त्यावर बसताना अणकुचीदार काठी, काटेरी लगाम किंवा जखम, खरचटा वा वेदना होईल असे धारदार साहित्य वापरण्यास मनाई आहे. माझ्या चपलेतला खिळा या नियमात सरळ सरळ बसतो. पण कायद्याच्या धाकाने आलेला शहाणपणा पोलीस दूर गेला की संपतो. मला अधिक मोलाची वाटते ती आमच्या गावाकडची एक बदललेली समजूत. बैलगाड्यांच्या शर्यतींच्या फलकावर आता "विना लाठी-काठी" असे शब्द आढळतात. काठीशिवाय जो बैल पळतो तोच खरा पळणारा, हे शर्यतीच्या शौकिनांनाही पटू लागले आहे. मग आपल्या मुलांच्या तट्टांनी काय पाप केले?

आता ज्या पालकांची मुले माथेरानला, महाबळेश्वरला किंवा रंकाळ्यावर घटकाभर घोड्यावर बसतात, त्यांच्यासाठी उत्तर सोपे आहे. काटा नको, छडी नको आणि "मार टाच" असा वरून उपदेशही नको. घोडेवाल्याला चार पावले हळू चालू द्या. जी मुले नेमाने शिकतात, त्यांच्यासाठी मी एक कसोटी सुचवतो. गुरुजींनी घोडा लांब दोरीवर धरून गोल फिरवावा. मुलाने लगाम सोडावा, रिकिबीतून पाय काढावेत, दोन्ही हात बाजूला पसरावेत. घोडा दुडक्या चालीने चालत असता, डावीकडून आणि उजवीकडून, मुलाची पोटरी जागेवर स्थिर राहते काय हे पाहावे. राहत नसेल तर काट्याचा विषय काढू नये. राहत असेल तर आधी पोटरीच्या हलक्या दाबाने चालवून पाहावे. मग बहुधा असे आढळते की काट्याची गरजच उरलेली नाही. आणि पुढे वरच्या शिक्षणासाठी ती पडलीच, तर काटा बोथट असावा, गुरुजी समोर असावेत आणि रागाच्या भरात पाय हलू नये. तो दिवस वयाने ठरत नाही, मांडेने ठरतो.

भाच्याला हे सगळे पटले असे म्हणणार नाही. तेरा वर्षांच्या मुलाला विकत घेतलेली वस्तू न वापरणे जड जाते. मग मी त्याला पाखऱ्याच्या गुळाची गोष्ट सांगितली. ती मी घरात कोणालाच सांगितली नव्हती. तो बराच वेळ काही बोलला नाही. जाताना ती जोडी त्याने माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आणि म्हणाला, "मामा, कसोटी उतरलो की नेईन."

परवा त्याचा फोन आला होता. तीन आठवडे रिकिबीविना बसतो आहे, मांड्या दुखतात आणि दोनदा पडलो, असे सांगत होता. तट्टू अजून फारसे पळत नाही. पण तबेल्यात तो गेला की ते मान वळवून त्याच्याकडे पाहते.

मी विचारले, "गूळ दिलास?"

"दिला की. घेतला त्यानं."

काटे अजून माझ्या खणात आहेत.