दूरच्या संकलकाकडे चित्रीकरण पाठविताना



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, ते उत्तर ऐकण्याआधी एकक विचारीत. आजचा माझा विषय त्याच सवयीवर उभा आहे.

आपला कुंडी भंडारा 1615 च्या सुमाराचा. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी निव्वळ उताराच्या बळावर शहरात आले. समजा, येथील तरुणांनी त्याचे पाच तासांचे चित्रीकरण केले आणि संकलक मुंबईत आहे. महागडी जोडणी परवडत नाही म्हणून अशी कामे सोडून देणारी मुले मी पाहिली आहेत. मला ते दुःखद वाटते, कारण येथे अडचण पैशाची कमी आणि हिशेबाची जास्त असते.

कॅमेरा सेकंदाला 100 मेगाबिट नोंदवीत असेल, तर तासाला 45 गिगाबाइट होतात. पाच तासांचे 225. जोडणीचा वेग मात्र बिटांत सांगतात, आणि आठ बिटांचा एक बाइट! शिवाय जाहिरातीत दिसतो तो बहुधा उतरवून घेण्याचा वेग. आपल्याला हवा पाठविण्याचा. तो 20 मेगाबिट धरला, तर अखंड पंचवीस तास लागतील. मुंबई येथून रेल्वेने सुमारे 500 किलोमीटर. रात्री निघालेला माणूस खिशात डिस्क घेऊन सकाळी पोहोचतो. यात मागासलेपण काही नाही. अमेझॉननेही 2015 साली ग्राहकांची माहिती वाहून नेण्यासाठी ‘स्नोबॉल’ नावाची पेटी काढली, ती पार्सलनेच जात असे.

तरीही सगळेच गाडीने पाठवू नये. त्याच चित्रीकरणाची 5 मेगाबिटची हलकी प्रत सव्वाअकरा गिगाबाइटची होते. ती सव्वा तासात जाते आणि गुगलच्या 15 गिगाबाइटच्या मोफत जागेत मावते. संकलक त्याच रात्री काम सुरू करतो. मूळ प्रत आली की तिच्यावर तेच काप लावतो. फाइलींची नावे व कालांक मात्र दोन्हींत एकच हवेत, नाहीतर सारा खेळ फसतो. पुढे थोड्याच फाइली बदलल्या तर 1996 पासून उपलब्ध असलेली ‘आरसिंक’ ही मोफत प्रणाली केवळ बदललेला भाग पाठविते.

माझ्या एका सहकाऱ्याची डिस्क वाटेत गहाळ झाली. दुसरी प्रत घरी होती म्हणून काम वाचले. तेव्हा डिस्क दोन घ्याव्यात, एक येथेच ठेवावी. प्रत्येक फाइलीचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, काढून वेगळा कळवावा. मुंबईहून तोच आकडा परत येईपर्यंत कॅमेऱ्यातील कार्ड पुसू नये.