तपासणी दोघांची

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील मनोगत)



पाच मिनिटं मिळाली आहेत. बँकेत होतो, वेळेत हिशेब मिटवतो. विषय जरा वेगळा आहे, पण सौ.ची परवानगी घेऊनच बोलतोय.

आमचं लग्न १९७६ चं. मूल झालं नाही. हिने उपास केले, कसबा गणपतीला नवस बोलली. डॉक्टर झाले, तपासण्या सगळ्या हिच्याच. वाड्यात डोहाळजेवण असलं की ओटी भरायला हिला बोलावत नसत. मी रोज दोन पाकिटं सिगरेट ओढायचो आणि 'माझ्यात काय दोष असणार?' या गुर्मीत होतो. सात वर्षांनी एका डॉक्टरांनी माझी तपासणी करायला लावली. शुक्राणू फारच कमी निघाले. रिपोर्ट खिशात घालून तासभर नदीकाठी हिंडलो. आईला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. ती गेली तोवर दोष हिच्याच खात्यावर राहिला. ती चुकीची नोंद आज दुरुस्त करतोय.

६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांनी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. हिने कात्रण जपून ठेवलं. खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. २०१८ मध्ये तर आपल्या पुण्यात, आईने दिलेल्या गर्भाशयातून लेकीला बाळ झालं. शास्त्र कुठच्या कुठे गेलं, आपण मात्र अजून जिन्यात 'गुड न्यूज कधी?' विचारतो.

तरुणांनो, वर्षभरात दिवस राहिले नाहीत, किंवा पत्नी पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांत, दोघांनी एकदमच डॉक्टरांकडे जा. पुरुषाची तपासणी सोपी आणि स्वस्त असते. सिगरेट, तंबाखू, दारू सोडा. वजन फार जास्त किंवा फार कमी, दोन्ही वाईट. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून आठवड्यात फरक शोधू नका. आणि सगळं पाळूनही काहींना मूल होत नाही. त्यांच्या सवयींना बोल लावू नका.

सोसायटीत राहायला आलो त्या वर्षी तळमजल्यावरच्या वहिनींनी सुनेच्या डोहाळजेवणात पहिली ओटी हिला भरायला लावली. ही घरी येऊन खूप रडली. ते घर सोडून आम्ही दुसरीकडे का गेलो नाही, याचं उत्तर तेच.