जोडकामाचें यंत्र घेण्यापूर्वीं

(शाळेच्या पटांगणांत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



मी लोहार नाहीं, सुतार नाहीं, मी शाळामास्तर. मग वेल्डिंगवर बोलण्याचा तुला काय अधिकार, असें कोणी विचारील तर तो प्रश्न रास्त आहे. अधिकार इतकाच कीं, गेल्या उन्हाळ्यांत आपल्याच गांवचा एक लोहाराचा मुलगा कर्जाचा अर्ज भरून घेण्यास माझ्याकडे आला. "यंत्र कोणतें घेणार?" म्हणून मीं विचारलें. तो म्हणाला, "दुकानदार म्हणतो चारशें अँपिअरचें घे. मोठें तें बरें." मीं विचारलें, "तुझ्या घरीं वीज किती?" तो म्हणाला, "आहे कीं. दिवा लागतो, पंखा फिरतो."

मीं लेखणी खालीं ठेवली. मंडळी, यंत्र चुकीचें निघालें तर तें कोपऱ्यांत पडून राहतें. कर्जाचा हप्ता मात्र पडून राहत नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे तालुक्याला गेलों, चार दुकानें पाहिलीं, दोन जुन्या कारागिरांशीं बोललों. तेव्हां मला एक गोष्ट उमगली. या धंद्यांत लागणारी बरीचशी अक्कल वस्तूंवरच छापलेली असते: यंत्राच्या पाटीवर, रॉडच्या पाकिटावर, ग्राइंडरच्या चकतीवर आणि डोळ्यांपुढच्या काचेवर. आपण ती वाचीत नाहीं, म्हणून फसतों. तीं चार अक्षरें आज वाचूं.

पण त्याआधीं जोड म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. लोहारदादांना हें नवें नाहीं. भट्टींत दोन तुकडे पांढरे होईपर्यंत तापवावयाचे, वर टाकणखार किंवा वाळू टाकावयाची आणि ऐरणीवर घणाचे घाव घालून एकजीव करावयाचे, ही विद्या त्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. टाकणखार कशाला? तापलेल्या लोखंडावर हवेनें जें कीट चढतें, तें पातळ होऊन बाहेर पडावें म्हणून. विजेचें वेल्डिंग याच विद्येचें धाकटें भावंड आहे. रशियांत बेनार्दोस यानें १८८१ च्या सुमारास कोळशाच्या कांडीनें विजेची ज्योत धरून धातु जोडला. १८८८ त स्लाव्यानोव्ह यानें ती कांडीच धातूची केली, म्हणजे कांडी वितळून सांध्यांत भरूं लागली. विसाव्या शतकाच्या आरंभीं स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यानें कांडीला लेप चढविला. तो लेप म्हणजेच नवा टाकणखार. तो जळून धूर होतो, धूर हवेला दूर ठेवतो. उरलेला लेप खपली होऊन तापल्या जोडावर पांघरूण घालतो. म्हणून खपली झाडल्याशिवाय वर दुसरा थर कधींही मारूं नये. मारल्यास ती आंत गाडली जाते आणि जोड तेथेंच दगा देतो.

लोखंड सुमारें १,५०० अंशांवर वितळतें, आणि विजेच्या ज्योतींत उष्णता पांच हजार अंशांच्या घरांत असते. एवढी उष्णता हातीं असतांही जोड कच्चा राहतो, कारण केवळ रॉड वितळून भागत नाहीं, दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळल्या पाहिजेत. माझ्या थोरल्या भावाच्या ट्रॉलीचा हूक ऊस भरलेला असतां उतारावर तुटला. देवाची कृपा म्हणून मागें कोणी नव्हतें. तुटलेली जागा पाहिली तों आंत जुना पिवळा रंग जसाच्या तसा चकाकत होता. रंगावरच वेल्डिंग मारलें होतें. वर माळ सुबक, आंत सगळें पोकळ. तेव्हां रंग, गंज, तेल, माती आधीं खरवडून चकचकीत लोखंड काढावें. पत्रा सहा मिलिमीटरहून जाड असेल तर कडा तासून खांच करावी, म्हणजे रॉड तळापर्यंत पोहोंचतो.

हा दगा गरिबाच्या ट्रॉलीलाच होतो असें नाहीं. १६ जानेवारी १९४३ रोजीं अमेरिकेंत स्केनेक्टडी नांवाचें नवें कोरें तेलवाहू जहाज गोदींत, शांत पाण्यांत उभें असतां मधोमध फाटलें. पोलाद थंडींत ठिसूळ होणारें होतें आणि सांध्यांच्या जागीं ताण सांठला होता. रिव्हेटच्या कामांत भेग एका पत्र्याच्या कडेला अडते. वेल्डिंगनें सगळें एकसंध झाल्यामुळें ती थेट धांवत गेली. जो जोडतो त्याच्यावर किती भार आहे, तें यावरून ओळखावें.

आतां पहिलें अक्षर, यंत्राची पाटी. तिच्यावर अँपिअर लिहिलेले असतात. फाटकें, खिडक्या, अँगल, ट्रॉली, कल्टिव्हेटरचे फण, हें आपलें गांवचें काम अडीच व सव्वातीन मिलिमीटरच्या रॉडनें होतें, आणि त्यांना साधारण ६० ते १३० अँपिअर पुरतात. म्हणजे २०० अँपिअरचें यंत्र गांवाला पुरून उरतें. चारशेंचें यंत्र कारखान्याचें. त्याचा हिशेब मीं त्या मुलाला पाटीवर मांडून दाखविला. ४०० अँपिअरला ज्योतीवर सुमारें ३६ व्होल्ट लागतात; गुणाकार १४,४०० वॉट. ७४६ वॉटांची एक अश्वशक्ति. म्हणजे जवळजवळ वीस अश्वशक्तींचा पंप झाला! घरच्या दिव्याच्या तारेवर तो चालेल काय? उलट १३० अँपिअरला २५ व्होल्ट धरले तर ३,२५० वॉट, आणि यंत्रांतली नासाडी धरून चार हजार. हाही पांच अश्वशक्तींच्या पंपाएवढा भार आहे. म्हणून लहान यंत्रालासुद्धां मीटरापासून वेगळी जाड तार, वेगळा एमसीबी आणि पक्कें अर्थिंग पाहिजे. हा खर्च यंत्राच्या किंमतींत आधींच धरावा.

पाटीवर दुसरा एक आंकडा टक्क्यांत असतो. तो कोणी वाचीत नाहीं. २०० अँपिअरपुढें ६० टक्के लिहिलें असेल तर अर्थ असा कीं, दहा मिनिटांपैकीं सहा मिनिटें त्या जोरावर काम घ्या, चार मिनिटें यंत्राला विसावा द्या. दोन यंत्रांवर २०० च लिहिलेले असतात. पण एकावर ६० टक्के आणि दुसऱ्यावर २० टक्के. स्वस्ताईचें गुपित तेथें असतें. बैलालाही आपण दुपारीं सोडतों. यंत्राला कोण सोडणार?

जातीनें यंत्रें मुख्यतः दोन. जुना ट्रान्सफॉर्मर जड, पण दणकट. बिघडला तर गुंडाळी करणारा तालुक्याला मिळतो. इन्व्हर्टर हलका, खांद्याला अडकवून शेतावर नेतां येतो, घरच्या २३० व्होल्टवर चालतो आणि नवशिक्याच्या हातीं ज्योत स्थिर धरतो. पण धूळ, ग्राइंडरचा लोहकीस आणि पावसाचे थेंब यांचें त्याला वावडें, व त्याची दुरुस्ती शहरांत. ज्याचें काम बांधावर जाऊन करण्याचें त्यानें इन्व्हर्टर घ्यावा. ज्याची शाकारलेली जागा आणि थ्री-फेज वीज आहे त्यानें ट्रान्सफॉर्मरचा विचार करावा. तारेचें रीळ आणि गॅस लावून चालणारें मिग यंत्र पातळ पत्र्याला सुंदर. पण वाऱ्यावर गॅस उडून जातो आणि जोडाला भोकें पडतात. तें पहिलें यंत्र म्हणून घेऊं नये.

दुसरें अक्षर, रॉडचें पाकीट. दुकानांत बारा नंबर मागितला तर अडीच मिलिमीटरचा मिळतो, दहा नंबर सव्वातीनचा, आठ नंबर चारचा. पाकिटावर ६०१३ असा आंकडा दिसेल. पहिल्या ६० चा अर्थ जोडाची ताकद, दर चौरस इंचाला साठ हजार पौंड ताण. पुढचा १ सांगतो कीं आडवा, उभा, डोक्यावरचा कसाही जोड मारतां येईल. शेवटचा आंकडा लेपाची जात सांगतो. रोजच्या कामाला ६०१३ उत्तम. भाराच्या जागीं ७०१८ अधिक बळकट; पण तो ओलाव्याचा वैरी, भट्टींत वाळवून गरमच वापरावा लागतो. कोणताही रॉड पावसाळ्यांत पोत्यावर उघडा टाकूं नये. किती अँपिअर लावावे तेंही त्याच पाकिटावर असतें.

तिसरें अक्षर, कापण्याच्या चकतीवर. कापण्याचें पहिलें हत्यार अजूनही हातकरवत हेंच. तिची किंमत थोडी, वीज नको. दांते पुढच्या बाजूला तोंड करून बसवावे आणि पातळ पत्र्याला बारीक दांत्यांचें पातें घ्यावें. पुढें ग्राइंडर. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारें ११,००० फेरे घेतो. चकतीची कड ताशीं दोनशें किलोमीटर वेगानें धांवते. चार इंची चकतीवर साधारण १५,००० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते, सात इंचीवर ८,५०० ची. कांहीं शहाणे कवच काढून चार इंची यंत्राला सात इंची चकती लावतात. आंकडे तुमच्यापुढें आहेत. ती चकती फुटेल कीं राहील, तें तुम्हीच सांगा. चकतीवर मुदतही छापलेली असते. कापण्याच्या पातळ चकतीनें आडवें घासूं नये.

जाड लोखंडाला गॅस कटर. तो लोखंड वितळवून कापतो असें आपण समजतों; वास्तविक तो तें जाळतो. लाल तापलेल्या लोखंडावर शुद्ध ऑक्सिजनची धार सोडली कीं लोखंड पेटतें व राख उडून जाते. म्हणूनच बीड आणि स्टेनलेस यानें नीट कापत नाहीं. काळी टाकी ऑक्सिजनची, तांबूस-तपकिरी ॲसिटिलीनची. ऑक्सिजनच्या तोटीला तेल-ग्रीस लागलें तर ती आपोआप पेट घेते. ॲसिटिलीनची टाकी आडवी पाडून वापरूं नये. ज्याला आठवड्यांतून एकदांच जाड लोखंड कापावयाचें, त्यानें टाक्यांच्या भानगडींत न पडतां शेजारच्या गांवांतून कापून आणावें.

चौथें अक्षर काचेवर, आणि तें सगळ्यांत महत्त्वाचें. आपल्या कामाला १० किंवा ११ नंबरची काच पाहिजे. जत्रेंतला काळा चष्मा उपयोगाचा नाहीं. त्यानें उजेड कमी दिसतो, पण डोळे भाजतच राहतात. भाजल्याचें तेव्हांच कळत नाहीं. कांहीं तासांनीं, रात्रीं डोळ्यांत वाळू खुपसल्यासारखें होतें. त्यावर बटाटा नको, झाडपाला नको; दवाखाना गांठावा. आणि तमाशा पाहत उभ्या राहणाऱ्या पोरांना हांकलून द्यावें; त्यांचे डोळेही तेवढेच भाजतात. वेल्डिंगचा धूर कर्करोगास कारण होतो, असा निवाडा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनें २०१७ त दिला आहे. तेव्हां बंद खोलींत काम नको, वारा पाठीकडून किंवा बाजूनें असावा. जस्ती पत्र्याचा धूर गेला तर रात्रीं हुडहुडी भरून ताप येतो. जस्त आधीं घासून काढावें.

आतां जें कोठेंच छापलेलें नसतें तें सांगतों. डिझेलचा, रॉकेलचा किंवा औषधाचा रिकामा पिंप वेल्डिंगला आला तर परत पाठवावा. तो रिकामा दिसतो, पण आंत वाफ असते. त्याचा बॉम्ब होतो. ओल्या जमिनीवर, ओल्या हातमोज्यांनीं, अनवाणी रॉड धरूं नये. ट्रॅक्टरवर काम करतांना बॅटरीच्या तारा आधीं सोडाव्या आणि अर्थचा चिमटा जोडाच्या अगदीं जवळ लावावा, नाहीं तर वीज बेअरिंगांतून जाऊन त्या खराब करते.

आणखी एक. विळ्याला, कुऱ्हाडीला पाणी देऊन धार कठीण करावी, हें लोहाराला ठाऊक आहे. तोच हात संवयीनें तापल्या जोडावरही पाणी ओततो. तेथें कठीणपणा म्हणजे ठिसूळपणा. गाडीच्या पाट्याचें किंवा फाळाचें पोलाद असेल तर जोडाशेजारीं तडा गेलाच म्हणून समजा. असा तुकडा आधीं तापवावा, मग जोडावा, आणि राखेंत पुरून सावकाश निवूं द्यावा. बिडाचीही तीच गत. त्याला निकेलचा वेगळा रॉड लागतो.

हें सर्व कोठें शिकावें? सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत वेल्डरचा एक वर्षाचा वर्ग असतो. ज्याला जाणें जमत नाहीं त्यानें निदान एक हंगाम दुसऱ्याच्या यंत्रावर हाताखालीं राबावें, भंगारांतले तुकडे जोडावे, ते शेगड्यांत धरून घणानें मोडून पाहावे. जोड सोडून बाजूचें लोखंड वांकलें तर हात तयार झाला. मग कर्जाचा अर्ज.

त्या मुलानें अखेर २०० अँपिअरचें यंत्र घेतलें. उरलेल्या पैशांत वेगळी तार ओढली. मुखवटा, चामडी हातमोजे आणि बूट घेतले. हप्ता अजून चालू आहे, पण तो वेळेवर जातो.

मायबहिणींनो, घरची गांठ तुमच्या पदराला असते. घरधनी यंत्राला पैसे मागेल तेव्हां आधीं विचारा, "काच किती नंबरची घेतली?" पाटीवरचीं अक्षरें इंग्रजींत असलीं तर शाळेंत जाणाऱ्या पोराला किंवा पोरीला दुकानांत बरोबर न्या, तें मोठ्यानें वाचील, तुम्ही ऐका. तेंही अडलें तर माझें दार उघडें आहे. कर्जाचा अर्ज मी लिहून देईन, पण पाटी वाचून झाल्यावर.