खर्च वाचला, पण कोणाच्या नावे?
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



बँकेत ३५ वर्षं काढली, तेव्हा हिशेबाचंच बोलतो. मी सोसायटीचा खजिनदार होतो, तेव्हा पालापाचोळा उचलायला टेम्पोवाला पैसे मागायचा. मी म्हटलं, "कशाला? मागच्या कोपऱ्यात जाळून टाका." खर्च वाचला. वार्षिक सभेत कौतुकही झालं.

जाळायचं काम आपल्या जुन्या वॉचमनकडे. त्यांची केबिनही त्याच कोपऱ्यात. दोन हिवाळ्यांत त्यांना खोकला जडला. मी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "विडी ओढता का?" ते म्हणाले, "नाही साहेब, पाला जाळतो." मी खाली मान घालून बसलो.

हवा खराब झाली की आपण गाड्यांकडे, बांधकामांच्या धुळीकडे बोट दाखवतो. ते खरंच आहे. पण पाल्याच्या धुरातही तेच पीएम २.५ नावाचे, केसाहून कितीतरी बारीक कण असतात. ते फुप्फुसात खोल जातात, काही रक्तातही उतरतात. दमा तर बळावतोच, हृदयविकाराचाही धोका वाढतो. थंडीत सकाळी धूर वर जात नाही, आपल्याच खिडक्यांशी रेंगाळतो. या कणांची वार्षिक मर्यादा आपल्याकडे घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ सांगितली.

म्हणून विनंती एकच. त्याच कोपऱ्यात पाल्याच्या खताचा खड्डा करूया. पहिल्या वर्षाचा खर्च माझा. जुनं देणं आहे. व्याज नाही, निदान मुद्दल तरी फिटेल.