जुनं आठवतं, सकाळचं नाही

१ जुलै २०२३ला आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस पेटली. २५ जण गेले. अपघात झाला की आपण गेलेल्यांचा आकडा विचारतो. पण डोक्याला जबर मार लागून जे वाचतात, त्यांचं काय?

मेंदू कवटीला आतून आपटतो, नवीन आठवणी साठवणारा भाग दुखावू शकतो. मग शाळेतलं सगळं आठवतं, सकाळी गोळी घेतली का ते नाही. मी कोड लिहितो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: जुन्या फाइली शाबूत, नवीन सेव्ह होत नाही. हे नाटक नाही. "आठवून बघ" म्हणत चिडू नका. किल्ली रोज एकाच खुंटीला ठेवा, दिनक्रम भिंतीवर लावा. आणि गावी गेलात की त्यांच्या मोबाईलमध्ये गोळ्यांचा अलार्म तुम्हीच लावून द्या.