तारुण्य आणि लस

तारुण्य ही निर्भयतेची अवस्था मानली जाते. ही निर्भयता डोंगर चढते, भरलेली नदी पोहून जाते, परदेशाची वाट धरते. दवाखान्याच्या दारात मात्र ती निराळेच रूप घेते. ‘मला काय व्हायचे आहे?’ एवढे म्हणून ती लस टोचून घेण्याचे टाळते. तान्ह्या मुलाला आई कडेवर घेऊन जाते, वृद्धाला त्याचे दुखणेच तेथवर नेते. तरुणाला नेणारे कोणी नसते. त्याला स्वतःच्या विचारानेच जावे लागते; म्हणून त्याच्या मनातील शंकांना उत्तर देणे अगत्याचे ठरते.

या शंका आजच्या नव्हेत. १८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी आढळले. हा प्लेग आहे, हे ओळखले ते मूळच्या गोव्यातील हडफडे गावच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. पुढच्याच महिन्यात हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत सुमारे तीन महिन्यांत त्यांनी प्लेगवरील लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे सुमारे निम्मे कैदी लस घेण्यास राजी झाले. लस न घेतलेल्यांपैकी बारा जण आजारी पडले व सहा दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले.

एवढा पुरावा असूनही लोक सहजासहजी पुढे येईनात. त्यालाही कारण होते. प्लेगच्या बंदोबस्तासाठी सरकारी माणसे घरात शिरत होती, आजाऱ्यांना उचलून नेत होती, सामानसुमान जाळीत होती. जे सरकार उंबरठ्याचा मान राखीत नाही, त्याची सुई तरी विश्वासाने कशी घ्यावी, असे लोकांस वाटले तर नवल नाही. अशा वेळी इस्माइली खोजा समाजाचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी सर्वांच्या देखत लस टोचून घेतली आणि ही वार्ता अनुयायांपर्यंत पोहोचेल अशी तजवीज केली. त्या वेळी ते अवघ्या विशीच्या आसपास होते. आपले गुरू धडधाकट आहेत हे पाहून अनुयायांना धीर आला. हुकमाने जे साधत नव्हते, ते एका तरुणाच्या पुढे केलेल्या दंडाने साधले.

या इतिहासाची दुसरी बाजूही झाकून ठेवू नये. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेल्यांपैकी एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि ते मरण पावले. या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. ठपका हाफकिन यांच्यावर आला. मात्र दोष लसीच्या सिद्धतेचा नव्हता. गावात बाटली उघडताना तीत जंतू शिरले असावेत, असे तज्ज्ञांनी दाखवून दिले आणि १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. मुंबईत परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचेच नाव देण्यात आले. चूक घडली की ती शोधणे, सांगणे व पुन्हा घडू न देणे, याच मार्गाने लसीवरील विश्वास वाढत आला आहे.

आज देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला आहे आणि भारत २०१४ सालापासून पोलिओमुक्त आहे. म्हणूनच आजच्या तरुणाला रोगाचे भय ठाऊक नाही. दिसते ती फक्त सुई. परंतु धनुर्वात व घटसर्प यांपासून बालपणी मिळालेले संरक्षण कालांतराने ओसरते आणि त्यासाठी पुन्हा मात्रा घ्यावी लागते. कावीळ-ब हा रोग यकृतात वर्षानुवर्षे मुकाट्याने राहतो. गर्भारपणात रुबेला झाला तर बाळ बहिरे किंवा अंध जन्मू शकते. त्याची लस गर्भ राहण्यापूर्वीच घ्यावी लागते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास बहुतांशी कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरही लस आहे. तिच्यासाठी नऊ ते चौदा हे वय सर्वांत उत्तम. तथापि ते उलटलेल्या तरुणींनीही डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

तरुणाला रागे भरून किंवा हसून काही साधत नाही. दंड दुखेल, एखाददुसरा दिवस ताप येईल, क्वचित कोणाला अधिक त्रासही होतो, हे वडीलधाऱ्यांनी मोकळेपणाने सांगावे. लपवलेली गोष्ट पुढे कळली की खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो. मोबाइलवर आलेली भीतीची वार्ता पुढे धाडण्याआधी ती ओळखीच्या डॉक्टरांना विचारावी. आणि ज्या तरुणाने लस घेतली असेल, त्याने बिचकणाऱ्या मित्राला उपदेश करीत बसण्यापेक्षा त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जावे.

शेवटी लस ही एकट्याची बाब राहत नाही. धनुर्वातासारखे काही रोग सोडले, तर बहुतेक संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जातात. धडधाकट तरुण स्वतः त्यातून सुखरूप सुटेलही. पण त्याच घरात पाळण्यात एक बाळ असते आणि खाटेवर एक आजी असते. स्वतःसाठी निर्भय असणे हा तारुण्याचा हक्क आहे. त्यांच्यासाठी सावध असणे हे तारुण्याचे कर्तव्य होय.