काडीपैलवानांचा हिशोब
(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



मला भाषणाची सवय नाही. दिवसभर मी संगणकाशी बोलते. तो टाळ्या वाजवत नाही आणि जांभयाही देत नाही. म्हणून थोडक्यात बोलते.

शाळेला व्यायामशाळेचे साहित्य भेट द्यायचे आपल्या ग्रुपवर घाटते आहे. कल्पना छान आहे, माझा वाटा मी देणारच. फक्त एक विनंती आहे : लोखंडाबरोबर खुराकही द्या.

आपण दहावीला होतो तेव्हा नंदुरबार जिल्हाच नव्हता. तो १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. तेव्हा वर्गात काडीपैलवान किती होते, आठवा. मीही त्यातलीच. ‘फुंकर मारली तर तापीपार जाशील’ हे रोजचेच. खेळाच्या सरांनी मला सांगितले होते, रोज दोन मुठी शेंगदाणे, गुळाचा खडा आणि जमतील तितके जोर-बैठका. आईने त्यात रात्रीच्या दुधाची भर घातली, तेही भावाच्याच मापाने. बारावीपर्यंत माझे वजन सात किलोंनी वाढले. सर आज समोर बसले आहेत. सर, तो उपाय आजच्या शास्त्रालाही पटतो.

आता आपली मुले सोळा-सतराची झाली. मोबाइलवर पिळदार दंड बघतात आणि पावडरचा डबा मागतात. मी इंजिनिअर, त्यामुळे आधी आकडेमोड केली. व्यायाम करून स्नायू वाढवायचे तर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. ४५ किलोच्या मुलाला झाली ७२ ग्रॅम. चार भाकरींतून साधारण २४, दोन वाट्या घट्ट वरणातून १३, दोन पेले दुधातून १३, ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२ आणि दोन अंड्यांतून १२. बेरीज ७४. डबा न उघडताच हिशोब जमला! डबा म्हणजे विष नव्हे. पण किलोच्या डब्याला दोन-तीन हजार पडतात, आणि तेवढ्यात घरात कितीतरी शेंगदाणे, डाळ आणि अंडी येतात.

आपली कळण्याची भाकरी आठवते ना? ज्वारीत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो उडदात भरपूर असतो. दोन्ही एकत्र दळले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. नवापूरच्या तूरडाळीला तर भौगोलिक मानांकनही आहे. वरण-भाकरी खायला लाजू नका, एवढे मुलांना सांगा.

मात्र नुसते खाऊन दंड भरत नाहीत. वजन हळूहळू वाढवत व्यायाम हवा, पोटभर जेवण हवे आणि रात्रीची पुरेशी झोप हवी. आणखी एक महत्त्वाचे. आपल्या जिल्ह्यात सिकलसेल आहे. मूल सतत दमत असेल, हातपाय दुखतात म्हणत असेल, तर त्याला व्यायामाला उभे करण्याआधी रक्त तपासून घ्या.

बारीक दिसणे म्हणजे दुबळे असणे नव्हे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कांस्यपदक आणले ते ५७ किलो गटात. त्यांना तिथे जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले. शिक्षक काय करू शकतात, हे या सभागृहाला मी काय सांगणार!

पण बारीक असणे वेगळे आणि उपाशी असणे वेगळे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या मुलांसाठी हा फरक जिवाचा आहे. २०१५ पासून अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना जेवण मिळते, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना अंडी-केळी मिळतात. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत असतो. म्हणजे नववी-दहावीत, ऐन वाढीच्या वयात, ताट थांबते. त्यातही मुलगी घरात सगळ्यांच्या मागून जेवत असेल, तर तिच्या वाट्याला काय उरते, हे आपण सगळ्या जाणतो.

म्हणून माझा प्रस्ताव असा. सरावाला येणाऱ्या नववी-दहावीच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला सरावानंतर दोन उकडलेली अंडी द्यावीत. जे अंडी खात नाहीत त्यांना शेंगदाणे-गूळ आणि दूध. दर महिन्याला उंची-वजनाची नोंद ठेवावी. डंबेल एक जोडी कमी घेऊ, चालेल. डंबेल एकदाच घ्यावे लागतात, खुराक मात्र दर महिन्याला लागतो; त्यामुळे देणगीही दर महिन्याची हवी.

वही पुढच्या रांगेपासून फिरवते आहे. नाव लिहा, झेपेल तेवढी रक्कम लिहा आणि वही शेजारच्याकडे द्या.